‘शॅम्पेन समाविष्ट’ या दोन शब्दांनी आम्हाला कसं फसवलं

जहाजाने धक्का सोडला तेव्हा आम्ही वरच्या डेकवर उभे होतो. वेटर ट्रे घेऊन फिरत होते, उंच निमुळत्या ग्लासांमधून बुडबुडे वर येत होते, आणि वेटरच्या हातातल्या बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत पांढरा नॅपकिन घट्ट गुंडाळलेला होता. दादाने एक घोट घेतला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “जरा लेबल दाखवता का?” वेटर म्हणाला, “शॅम्पेन, सर,” आणि पुढे निघाला. दादाने त्याला पुन्हा बोलावलं. नाइलाजाने त्याने नॅपकिन खाली सरकवला. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘शॅम्पेन’ लिहिलं होतं आणि त्याच्या वर, त्यापेक्षा लहान अक्षरात, ‘कॅलिफोर्निया’.

दादा काही बोलला नाही. त्याने ग्लास रेलिंगजवळच्या टेबलावर ठेवला, तो परत उचलला नाही.

आम्ही हे जहाज का निवडलं होतं, ते आधी सांगते. दादा निवृत्त झाला त्या निमित्ताने दादा-वहिनी, मी आणि माझा नवरा असे चौघं दहा रात्रींच्या सफरीला निघालो होतो. दादाला वाइनची मनापासून आवड आहे. खूप पिणारा माणूस नाही तो, पण एक ग्लास घेईल तर तो चांगलाच असावा असं मानणारा. साध्या क्रूझवर तिकीट स्वस्त असतं आणि पेयांचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. त्या पॅकेजमध्येही दर ग्लासमागे किमतीची मर्यादा असते, त्यावरचं पेय घेतलं की फरक खिशातून जातो. ही कटकट नको म्हणून आम्ही कितीतरी जास्त पैसे मोजून लक्झरी जहाज घेतलं. माहितीपत्रकात स्वच्छ छापलं होतं: शॅम्पेन, उत्तम वाइन्स आणि प्रीमियम स्पिरिट्स (म्हणजे व्हिस्की-ब्रँडीसारखी कडक मद्यं) तिकिटात समाविष्ट. म्हणजे ते फुकट नव्हतंच. त्याचे पैसे आम्ही काही महिने आधी भरून बसलो होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी आम्हाला ‘ते तर मोफत आहे हो’ असं ऐकवलं गेलं, जणू तक्रार करणं हाच कृतघ्नपणा.

आता त्या लेबलबद्दल. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे. युरोपात आणि जगातल्या बऱ्याच देशांत त्या प्रदेशाबाहेरच्या वाइनला ते नाव लावता येत नाही. खरी शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, आणि साधीत साधी असली तरी किमान १५ महिने तळघरात मुरल्याशिवाय विकता येत नाही. साल छापलेली असेल तर किमान तीन वर्षं. किंमत येते ती या वेळेची आणि मेहनतीची. स्वस्त फसफसणारी वाइन बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत आंबवतात आणि लवकर बाजारात आणतात. यात वाईट काही नाही. इटलीची प्रोसेको अशीच बनते आणि ती ‘प्रोसेको’ म्हणूनच विकली जाते. स्पेनची कावा तर बाटलीतच आंबवतात आणि कित्येकदा फार छान असते. पण अमेरिकेत एक जुनी पळवाट आहे. २००६ साली युरोपशी करार झाला तेव्हा, त्या वर्षीच्या १० मार्चच्या आधीपासून ज्यांच्या लेबलवर ‘शॅम्पेन’ होतं, त्यांना ते पुढेही वापरायची मुभा मिळाली. अट एवढीच, की वाइन मुळात कुठली ते सोबत लिहायचं. म्हणून ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’. लेबल कायद्यात बसतं. माहितीपत्रक छापणाऱ्याने त्यातला पहिला शब्द गाळला आणि वेटरने बाटलीला नॅपकिन गुंडाळला.

नॅपकिन गुंडाळलेली बाटली दिसली की लेबल बघायला मागाच. थेंब पुसायला गळ्याशी नॅपकिन धरणं वेगळं, पूर्ण बाटली झाकणं वेगळं. खऱ्या शॅम्पेनच्या लेबलवर तळाशी बारीक दोन अक्षरंही असतात. ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणारा शेतकरी, ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारं घराणं, आणि ‘एमए’ म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या वाइनवर खरेदीदाराने लावलेलं स्वतःचं नाव. ‘एमए’ लिहिलेली शॅम्पेनही खरीच असते, पण तुमच्या ग्लासात नक्की कुणाचं काम आहे ते त्या नावावरून कळत नाही.

शॅम्पेनचं दुःख आम्ही गिळलं. सफर मोठी होती, उगाच पहिल्याच दिवशी वातावरण बिघडवायचं नव्हतं. जेवणाच्या वेळी मिळणाऱ्या वाइनने मात्र खरा धक्का दिला. रोज एक पांढरी, एक लाल. बाटली टेबलाशी यायचीच नाही. ग्लास आतूनच भरून यायचे. पांढरी इतकी थंडगार असायची की ग्लासवर दव जमायचं आणि जिभेला गारव्यापलीकडे काही कळायचं नाही. दुसऱ्या रात्री दादाने ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटं तसाच ठेवला, मग माझ्यापुढे केला. “वास घे.” कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं ना, अगदी तो वास. त्याखाली किंचित व्हिनेगरची आंबूस झाक. बाटली उघडली की हवेतला प्राणवायू वाइनला लागतो आणि ती हळूहळू मरते; फ्रिजमध्ये नीट बूच लावून ठेवली तरी बहुतेक वाइन तीन ते पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. ती बाटली कधी उघडली होती, असं आम्ही विचारलं. “आजच,” असं उत्तर आलं. मग आमच्यासमोर नवी उघडाल का, असं विचारलं, तर वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला की समाविष्ट वाइन टेबलावर उघडण्याची पद्धत नाही.

फार थंड केलेली वाइन बघितली की मला आता संशय येतो. पांढऱ्या वाइनला साधारण ८ ते १२ अंशांचा गारवा पुरतो. त्याखाली गेली की चांगली वाइनही मुकी होते आणि वाईट वाइनचे दोष झाकले जातात. ग्लास हातात धरून ऊब द्या, दहा मिनिटं वाट बघा. वाईट असेल तर तुम्हाला तज्ज्ञ असण्याची गरज पडणार नाही.

आणि नेमक्या याच निराशेवर पुढचा सापळा रचलेला होता.

तिसऱ्या रात्री जेवणाच्या सभागृहातला सोमेलिए, म्हणजे वाइन सुचवणारा जाणकार माणूस, आमच्या टेबलाशी आला. अतिशय गोड बोलणारा. दादाने ग्लास बाजूला सारलेला त्याने पाहिला होता. म्हणाला, “सर, तुम्हाला वाइन कळते हे मला दिसतंय. तुमच्यासाठी मी काहीतरी चांगलं आणतो.” मेनू दाखवला नाही. किंमत हा शब्द उच्चारला नाही. पाच मिनिटांत स्पेनच्या रिओहा भागातली रिझर्वा घेऊन आला, टेबलाशी बूच काढलं, दादाच्या ग्लासात थोडीशी ओतून चव बघायला दिली. वाइन सुरेख होती. तिथे लाल वाइनवर ‘रिझर्वा’ लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरलेली लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. इतर कित्येक देशांत ‘रिझर्व्ह’ या शब्दाला असा काहीही कायदेशीर अर्थ नाही, तो फक्त लेबलवरचा दागिना असतो. दादा किती खूश झाला होता! वहिनी म्हणाली, “बघा, विचारलं की मिळतं.” आम्हाला वाटलं, प्रवाशाला कदर आहे हे पाहून त्यांनी कपाटातली चांगली बाटली काढली. समाविष्ट आहेच ना सगळं.

जेवण संपल्यावर मंद दिव्यात एक काळी चामड्याची घडी पुढे आली. आत लांबट चिठ्ठी. “केबिनच्या नोंदीसाठी सही, सर.” रोजच्या समाविष्ट पेयांसाठीही अशाच सह्या घेत होते, त्यामुळे दादाने चष्मा न लावता सही केली. असं चार रात्री झालं. चार बाटल्या.

शेवटच्या पहाटे केबिनच्या दाराखालून हिशोब आत सरकला. चार बाटल्यांची पूर्ण किंमत, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, आणि बंदरात उभे असताना उघडलेल्या एका बाटलीवर तिथला स्थानिक कर. एकूण रकमेत दादा-वहिनींची त्या जहाजावरची आणखी एक रात्र सहज निघाली असती. वहिनीने कागद दोनदा वाचला आणि पलंगावर बसली. “मी म्हटलं ना विचारलं की मिळतं,” एवढंच म्हणाली. तिचा त्यात काय दोष? पण ती दिवसभर स्वतःलाच बोल लावत राहिली. पैसे गेले ते गेले, त्याहून मला याची चीड आहे.

खाली काउंटरवर लांबलचक रांग होती. सामान आदल्या रात्रीच बाहेर गेलेलं, उतरायची वेळ ठरलेली, बस खाली उभी. तिथल्या बाईंनी शांतपणे चार सह्या काढून दाखवल्या. किंमत चिठ्ठीवर छापलेली होती, हे खरं. सोमेलिएने किंमत सांगितली नाही याचा आमच्याकडे पुरावा नव्हता. अर्धा तास वाद घातल्यावर दोन बाटल्यांवरचं सेवाशुल्क तेवढं कमी केलं, आणि वर सांगितलं की हा त्यांचा चांगुलपणा. बाकी सगळं कार्डातून वळतं झालं. हिशोब शेवटच्या पहाटे दारात येतो आणि भांडायला वेळ उरत नाही, यातच सगळी मेख आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, रोज रात्री झोपण्यापूर्वी केबिनच्या खात्याचा हिशोब बघा. बहुतेक जहाजांवर तो केबिनमधल्या टीव्हीवर किंवा फोनच्या ॲपवर दिसतो. आम्हालाही दिसत होता, आम्ही एकदाही उघडला नाही. सगळं समाविष्ट असताना बघायचं कशाला, असं वाटायचं. न ओळखीची रक्कम दिसली की त्याच रात्री काउंटरवर जा, कारण तेव्हा त्यांनाही तुम्हाला आणखी काही दिवस तोंड द्यायचं असतं. आणि कुणी ‘तुमच्यासाठी खास’ म्हणत बाटली आणली तर बूच काढण्याआधी एकच वाक्य बोला: “ही तिकिटात समाविष्ट आहे का?” बूच निघालं की बाटली तुमची.

बारवरही थोडाफार तोच प्रकार. ‘प्रीमियम स्पिरिट्स’ या शब्दाला कुठेही ठरलेला अर्थ नाही. अर्थ असतो तो वयाला. स्कॉच किमान तीन वर्षं पिंपात मुरलेली असावी लागते, आणि बाटलीवर १२ लिहिलं असेल तर तिच्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षांची असते. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीमध्ये ‘व्हीएस’ म्हणजे दोन वर्षं, ‘व्हीएसओपी’ म्हणजे चार, आणि ‘एक्सओ’ २०१८ पासून दहा. आमच्या जहाजावर पोहण्याच्या तलावाजवळच्या बारमध्ये वय न लिहिलेली व्हिस्की समाविष्ट होती. वय लिहिलेली मागितली की चिठ्ठी पुढे यायची.

घरी आल्यावर मी करारनाम्याची सगळी पानं काढली. माहितीपत्रकात जे ‘शॅम्पेन आणि उत्तम वाइन्स’ होतं, ते करारात ‘निवडक वाइन्स, उपलब्धतेनुसार’ झालं होतं, आणि कंपनीला ‘समकक्ष पेय’ देण्याचा अधिकार होता. समकक्ष कोण ठरवणार, ते कुठेच नाही. तिकीट काढून देणाऱ्याने आम्हाला फक्त माहितीपत्रक दाखवलं होतं. तुम्ही बुक करणार असाल तर पैसे भरण्याआधी ईमेलवर समाविष्ट पेयांची यादी मागवा: वाइन बनवणाऱ्याचं नाव, प्रदेश, साल. ‘फ्रेंच व्हाइट’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. त्याच ईमेलमध्ये विचारा की जेवताना बाटली टेबलावर उघडतात का, समाविष्ट नसलेल्या पेयांवर सेवाशुल्क किती, आणि स्वतःची बाटली नेऊ देतात का. पुष्कळ जहाजं चढताना दर प्रौढामागे ७५० मिलीची एखादी बाटली नेऊ देतात. सभागृहात ती उघडायचे थोडे पैसे पडतात, पण काय पितोय ते तरी माहीत असतं.

सगळीच जहाजं अशी नसतात, हे मला ठाऊक आहे. खरी शॅम्पेन मोकळ्या हाताने ओतणारी जहाजंही आहेत. म्हणूनच तर यादी मागवायची. ज्याच्याकडे चांगलं आहे तो लगेच पाठवतो. आणि त्या वेटरवर माझा राग नाही. बाटलीला नॅपकिन गुंडाळायचं त्याने ठरवलेलं नव्हतं.

घरी परतल्यावर दादाने तिसऱ्याच दिवशी कंपनीला लेखी तक्रार केली, सोबत लेबलचा फोटो आणि माहितीपत्रकाचं ते पान. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: लेबल कायदेशीर आहे, करारानुसार समकक्ष पेय दिलं आहे, तरी सदिच्छा म्हणून पुढच्या सफरीवर सवलत देत आहोत. दादाने सवलत नाकारली आणि एकच प्रश्न लिहून पाठवला, की पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकात ‘शॅम्पेन’च्या आधी ‘कॅलिफोर्निया’ छापणार का. त्याचं उत्तर आलेलं नाही. नवं माहितीपत्रक मात्र गेल्या आठवड्यात पोस्टाने आलं. वहिनीने ते टेबलावर उघडून ठेवलं होतं. पहिल्याच पानावर ते दोन शब्द तसेच आहेत, मागच्या वेळेपेक्षा जरा मोठ्या अक्षरात.