पैसे तीन सिलिंडरचे, चालायचे दोनच

आमची ओम्नी १९९८ची, कार्बोरेटरवाली. भडंगाचे पुडे भरून सांगली, मिरज, अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूर, अशी रोजची फेरी. इंजिनचं तेल प्यायला लागली म्हणून दिवाळीआधी इंजिनकामाला टाकली. बोअर (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं), नवे पिस्टन, त्यांच्यावरच्या रिंगा, हेडचं म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं काम मिळून ३२ हजार मोजले.

गाडी हातात आली ती थरथरतच. ओम्नीचं इंजिन सीटखाली, त्यामुळं विश्रामबाग चौकात उभं राहिलं की हादरा थेट कमरेत. पळताना ठीक; ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मिसिंग, म्हणजे मधेच ठोका चुकणं. "रिंगा बसू द्यात, हजार किलोमीटर होऊ द्या," मिस्त्री म्हणाला. मला पटलं, कारण त्यात अर्धं खरं आहे. नव्या रिंगा बसायला वेळ घेतातच. पण मेलेला सिलिंडर किलोमीटर वाढले म्हणून जिवंत होत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक!

हजार झाले. मग प्लग बदलले, मग वायरी, मग कार्बोरेटर साफ. दर खेपेला हजार-दीड हजार. शेवटी त्यानं आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती फिरावं त्याचा, स्क्रू पिळून दिला. थरथर दबली, पेट्रोलचं विचारू नका.

मिरजेतल्या एका वयस्क मिस्त्रीकाकांनी चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन बसायला लागलं. दुसरीला तेच. तिसरी काढली तर काही फरकच नाही. मग सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. १३०, १२५ आणि तिसऱ्याला ६० पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून परत स्टार्टर मारला, काटा ६०वरच. "तेलानं फट बुजून काटा वाढला असता तर रिंगा म्हटलं असतं. हा व्हॉल्व्ह, नाहीतर गॅस्केट." एवढीच तपासणी आधीच्यानं चार महिन्यांत एकदाही केली नव्हती.

हेड उघडलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह कडेला जळालेला. पण खरा धक्का पुढं होता. काकांनी पिस्टनचे माथे पुसले. बिलावर '५० ओव्हरसाइज', म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन, असं लिहिलेलं. तो आकडा पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला असतो. इथं तिन्ही कोरे, म्हणजे जुनेच, पॉलिश पेपर मारलेले. बोअर केलेल्या सिलिंडरला वर झिजेची कड राहत नाही. इथं नख अडकत होतं. नव्या होत्या त्या फक्त रिंगा.

बिल घेऊन पहिल्या मिस्त्रीकडं गेलो. "तुम्ही दुसऱ्याकडं हेड उघडलं, आता माझी जबाबदारी नाही." हेड त्याच्यासमोर उघडायला हवं होतं, ही माझी चूक. त्याआधीची मोठी चूक म्हणजे काम चालू असताना एकदाही गेलो नाही. हेड बसायच्या आधी तो आकडा बघून फोटो काढला असता तर तिथंच कळलं असतं. जुने पिस्टन मागितले होते, "भंगारात गेले" म्हणाला. गेले कुठं? माझ्याच इंजिनात होते.

काकांनी व्हॉल्व्ह बदलून, लॅपिंग करून (व्हॉल्व्ह आणि त्याची जागा घासून जुळवून) हेड बसवलं. आता तिन्ही सिलिंडर चालतात. तेल मात्र गाडी पूर्वीसारखंच पिते.