डिजिटल पाळीव प्राण्याचं कॉन्ट्रॅक्ट: क्रिप्टोकिटीजची वाट धरावी की आवेगॉचीची?

ब्लॉकचेनवर संग्राह्य प्राण्यांचा खेळ बांधायचं ठरलं की पहिला वाद बहुधा टोकनच्या मानकावर रंगतो. ईआरसी-७२१ (प्रत्येक टोकन वेगळं) घ्यायचं की ईआरसी-११५५ (एकाच प्रकारची अनेक टोकनंही चालतात)? माझ्या मते तो प्रश्न मागाहून सोडवला तरी चालतो. आधी ठरवायला हवं ते हे: प्राण्याचे गुण, त्याचं चित्र आणि पिल्लं जन्मण्याचे नियम यांतलं काय चेनवर राहणार, आणि त्यात फेरफार करण्याची मुभा कुणाला असणार. प्राणी लोकांच्या वॉलेटमध्ये गेल्यावर हे निर्णय फिरवणं जवळपास अशक्य होतं.

शेजारी ठेवून वाचण्यासारखी दोन कॉन्ट्रॅक्टं, म्हणजे चेनवर चालणारे प्रोग्राम, आहेत. पहिलं आहे नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेरियमवर आलेल्या क्रिप्टोकिटीज या मांजरींच्या खेळाचं आणि दुसरं २०२१ मध्ये पॉलिगॉनवर सुरू झालेल्या आवेगॉचीचं. दोन्हींचा मुख्य कोड सगळ्यांना वाचता येतो.

गुण कुठे, चित्र कुठे

क्रिप्टोकिटीजची साठवण आजही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक मांजरीच्या जनुकांसाठी २५६ बिटांचा एक आकडा. त्यातल्या २४० बिटांत प्रत्येकी ५ बिटांची ४८ जनुकं, चार-चारच्या बारा गटांत. गटातलं एक जनुक रूपात दिसतं, बाकीची तीन दडून असतात आणि पुढच्या पिढीत वर येऊ शकतात. जन्मवेळ, आईबापांचे क्रमांक, पिढी, विश्रांती संपण्याचा ब्लॉक हे सगळं मिळून आणखी २५६ बिटांत बसवलं आहे. म्हणजे एक मांजर साठवणीच्या नेमक्या दोन कप्प्यांत मावते. कोरा कप्पा पहिल्यांदा भरायला इथेरियमवर किमान २०,००० गॅस (व्यवहाराचं शुल्क मोजण्याचं एकक) लागतो, हे लक्षात घेतलं की या काटकसरीची किंमत कळते. तुम्ही कोणतंही मानक घ्या, ही बांधणी जरूर उचला.

चित्र मात्र कॉन्ट्रॅक्टमध्ये नाही. अमुक जनुक म्हणजे अमुक डोळे, हे जुळवून रेखाटलेलं मांजर कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. सर्व्हर बंद पडला तर मालकाच्या हाती जनुकांचा आकडा आणि वंशावळ उरेल, रूप नाही.

आवेगॉचीनं इथे उलट निर्णय घेतला. गुणांचे आकडे तर चेनवर आहेतच, शिवाय चित्राचे भागही एसव्हीजी रूपात (मजकुरात लिहिलेलं चित्र) चेनवरच साठवले आहेत. कॉन्ट्रॅक्टला विचारलं की अंगावरच्या पोशाखासकट चित्र तेच जोडून देतं. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: साठवण जड होते, म्हणून स्वस्त चेन लागते, आणि चित्रकाराला मोजक्या चौकोनी आकारांत काम भागवावं लागतं. माझा कौल तरीही याच बाजूला आहे. माणूस प्राणी घेतो तो त्याच्या रूपासाठी, आणि तेच भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणं मला पटत नाही. अगदीच तपशीलवार चित्रं हवी असतील तर आयपीएफएस या अनेक संगणकांवर विखुरलेल्या फाइल-साठ्यात ठेवून त्यांचा हॅश (फाइलवरून काढलेला ठसा) कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदवा. पण ती फाइल कुणीतरी जपून ठेवत राहावी लागते, ती आपोआप टिकत नाही.

पिल्लाचं नशीब

क्रिप्टोकिटीजमध्ये गर्भधारणा आणि जन्म हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गर्भकाळ संपतो त्या ब्लॉकच्या हॅशवरून जनुकांची सरमिसळ ठरते आणि तो ब्लॉक गर्भधारणेच्या वेळी अजून जन्मलेला नसतो, त्यामुळे निकाल आधी ठाऊक असण्याची सोय नाही. अडचण अशी की कॉन्ट्रॅक्टमधली ब्लॉकहॅश ही आज्ञा फक्त मागच्या २५६ ब्लॉकांचे हॅश देते. उशीर झाला तर दुसरा ब्लॉक वापरावा लागतो, आणि नावडता निकाल दिसला तर मुद्दाम थांबण्याची पळवाट उघडते. ती बरीचशी बंद केली आहे एका सुंदर युक्तीनं: जन्म देण्याचं फंक्शन कुणीही चालवू शकतं आणि जो चालवेल त्याला आधीच भरून घेतलेलं जन्मशुल्क मिळतं. त्यामुळे वेळ भरताच जन्म लावायला परके लोक टपून असतात. मालकाला थांबायला फारशी उसंतच मिळत नाही.

सरमिसळीचं सूत्र मात्र वेगळ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवलं होतं आणि त्याचा मूळ कोड प्रसिद्ध केला नव्हता. तरी जिज्ञासू लोकांनी चेनवरचा बाइटकोड (कोडचं यंत्राला कळणारं रूप) उलगडून ते शोधून काढलं. चेनवर चालणारं सूत्र गुप्त राहत नाही, तेव्हा लपवालपवीवर खेळाची मजा बेतू नका.

आवेगॉचीनं पॉलिगॉनवर प्राण्यांचे गुण ठरवायला चेनलिंकच्या व्हीआरएफ या यादृच्छिक आकडे पुरवणाऱ्या सेवेवर भिस्त ठेवली. यादृच्छिक आकड्यासोबत गणिती पुरावा येतो आणि तो कॉन्ट्रॅक्टच तपासतं. त्यासाठी शुल्क, आणखी एका व्यवहाराची वाट पाहणं आणि बाहेरच्या सेवेवरचं अवलंबन स्वीकारावं लागतं. सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर, म्हणजे इथेरियमनं मायनिंग सोडून व्हॅलिडेटरांची पद्धत घेतल्यानंतर, तिथे प्रीव्हरँडाओ हा यादृच्छिक आकडा फुकट मिळतो, पण ब्लॉक मांडणारा व्हॅलिडेटर आपला ब्लॉक सोडून देऊन त्यावर थोडा प्रभाव टाकू शकतो. दुर्मीळ पिल्लाची किंमत एका ब्लॉकच्या कमाईहून मोठी होण्याची शक्यता असेल तर व्हीआरएफच घ्या.

चेन आणि मानक

डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टोकिटीजमुळे अख्खं इथेरियम तुंबलं होतं, म्हणून मुख्य चेनवर रोजची देवघेव करणारा खेळ नको. पण स्वस्त चेन निवडताना तिचे राखणदार किती, हे मोजा. ॲक्सी इन्फिनिटी ज्या रोनिन चेनवर गेलं, तिच्या पुलावर (इथेरियम आणि रोनिनमध्ये पैसे नेण्या-आणण्याच्या सोयीवर) नऊपैकी पाच व्हॅलिडेटरांच्या सह्या पुरत होत्या. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोरांनी तेवढ्या सह्यांच्या किल्ल्या मिळवल्या आणि १,७३,६०० इथर व २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी जोडलेलं चलन) नेले. प्राण्याचं कॉन्ट्रॅक्ट निर्दोष असूनही त्याच्याभोवतीची अर्थव्यवस्था अशी कोसळू शकते.

मानकाबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्राणी वेगळा, त्याचा मालक एक, म्हणून प्राण्यांना ईआरसी-७२१. एकाच प्रकारच्या शेकडो टोप्या किंवा औषधं असतील तर त्यांना ईआरसी-११५५. आवेगॉचीनंही हीच वाटणी केली आहे. क्रिप्टोकिटीजचा कोड मात्र जसाच्या तसा उचलू नका: तो ७२१ पक्कं होण्याआधीचा आहे आणि त्यात सेफट्रान्सफरफ्रॉम, म्हणजे घेणारं कॉन्ट्रॅक्ट टोकन स्वीकारू शकतं का हे विचारून मग देणारं फंक्शन, नाही. ते फंक्शन तुम्ही घालाल तेव्हा समोरचं कॉन्ट्रॅक्ट मध्येच उलटी हाक मारू शकतं हे धरून चाला, आणि सगळ्या नोंदी आधी बदलून मगच ती हाक होऊ द्या.

किल्ल्या कुणाकडे

क्रिप्टोकिटीजचा मुख्य कोड बदलता येत नाही, म्हणून त्याला पूर्ण अचल समजलं जातं. कोड वाचला की चित्र वेगळं दिसतं. त्यात सीईओ, सीएफओ, सीओओ अशा तीन भूमिका आहेत. जनुकांच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता सीईओ बदलू शकतो, जन्मशुल्क सीओओ ठरवतो, आणि तिघांपैकी कुणीही सगळं थांबवू शकतो. थांबवलं की मांजर दुसऱ्याला देणंही थांबतं.

आवेगॉची ईआयपी-२५३५ची डायमंड रचना वापरतं. पत्ता एक, त्यामागे कोडचे अनेक तुकडे, हवा तो तुकडा बदलायचा. एका कॉन्ट्रॅक्टला असलेली २४,५७६ बाइटांची मर्यादाही त्यामुळे आड येत नाही. वाढत जाणाऱ्या खेळाला हे फार सोयीचं आहे. मात्र साठवणीतल्या चलांचा क्रम एका बदलात जरी चुकला तरी सगळ्या प्राण्यांच्या नोंदी बिघडतात, आणि किल्ली ज्याच्या हाती आहे तो उद्या मालकीचे नियमही बदलू शकतो.

मी मधली वाट धरेन. मालकी, हस्तांतरण आणि जनुकं एका लहान, न बदलणाऱ्या ७२१ कॉन्ट्रॅक्टमध्ये. त्यावर थांबवण्याचं बटण नाही. प्रजनन, खाऊ, स्पर्धा हे सगळं वेगळ्या, बदलता येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, आणि तिथला प्रत्येक बदल अनेक सह्यांच्या वॉलेटमधून, काही दिवसांच्या टाइमलॉकनंतरच (सक्तीच्या थांब्यानंतरच) लागू होणारा. नवा प्राणी जन्माला घालण्याचा हक्क प्रजननाच्या कॉन्ट्रॅक्टला द्यावाच लागतो. म्हणून एकूण किती प्राणी जन्मू शकतात ही कमाल मर्यादा मात्र त्या न बदलणाऱ्या भागात लिहून ठेवा.