दाब टिकवणारे कोअर बॅरल : आठ महिने आणि एक ओ-रिंग

आमचा बोअर मारण्याचा व्यवसाय कोल्हापूरचा, काम मात्र बहुतांश विदर्भातील कोळशाच्या थरांत. कोअर म्हणजे बोअरमधून काढलेला थराचा दंडगोल नमुना, आणि तो ज्या नळीत वर येतो ते बॅरल. साधे बॅरल वर येत असताना दाब उतरतो, कोळशातला वायू निसटतो आणि निसटलेला भाग शेवटी अंदाजानेच धरावा लागतो. तळाशीच बॉल व्हॉल्व्ह मिटवून दाबासकट कोअर वर आणणारे हे बॅरल आम्ही त्यासाठी घेतले.

पहिले दोन महिने माझे मत फार वाईट होते. 400 मीटरवर पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 40 किलो असतो. पहिल्या फेरीत तो टिके; दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काटा 25 वर, एकदा तर थेट शून्यावर. व्हॉल्व्हजवळच्या ओ-रिंगेवर, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर, बारीक फोड दिसत. विक्रेत्याने दर वेळी ‘बसवताना चूक झाली’ असे कळवून नव्या रिंगसंचाचे बिल पाठवले, आणि रिंग सुटी मिळत नसल्याने एका रिंगेसाठी आम्ही नऊ रिंगांचे पैसे मोजत राहिलो.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातील एका हायड्रॉलिक मिस्त्रींनी रिंग उभी कापून दाखवली. ती बाहेरून घासलेली नव्हती, आतून फाटलेली होती. दाबाखाली वायू रबरात मुरतो आणि दाब एकदम सोडला की आतल्या आत फुगून रबर चिरतो. मोजणीच्या घाईत आम्ही कॉक एका दमात उघडत होतो, म्हणजे चूक आमचीच होती. तरीही माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नसावी, हे मला आजही खटकते.

आता दाब दोन तास घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतो आणि 90 शोअर (रबराच्या कठीणपणाचे माप) कठीणपणाची रिंग वापरतो. तिच्यावर अकरा फेऱ्या झाल्या आहेत.

बॅरलमध्ये दाब सांभाळणारा नायट्रोजन वायूचा जो कप्पा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने थेंबभर गळतीनेही दाब कोसळला असता, तो हा कप्पा सावरतो. मात्र दाबाबरोबर तापमान लिहिलेच पाहिजे : जानेवारीच्या पहाटे उतरलेला काटा गळती समजून आम्ही दोन चांगले कोअर बाद केले, आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या बॅरलचा काटा उलट चढला.

पुढच्या हंगामासाठी दुसरे बॅरल घेणार आहे. रिंगा मात्र उद्यमनगरातूनच.