समोरच्या गाडीला विमा नव्हता : स्वतःच्या पॉलिसीवर केलेल्या क्लेमचा अनुभव

सर्वसमावेशक पॉलिसी घेतलेली असेल, तर धडक देणाऱ्याकडे विमा असो वा नसो, आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आपलीच विमा कंपनी देते आणि त्यासाठी चूक कोणाची हे आधी सिद्ध करावे लागत नाही. माझ्या बाबतीत ही व्यवस्था चांगली चालली. मात्र तिची जी किंमत नंतर नूतनीकरणाच्या वेळी मोजावी लागली, ती मला आजही अन्यायाची वाटते.

मिरजेहून सांगलीकडे येताना एक पिकअप टेम्पो आडव्या रस्त्यावरून न थांबता मुख्य रस्त्यावर आला आणि आमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूवर आदळला. सुदैवाने कोणाला दुखापत झाली नाही. वाहनांची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एमपरिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाकला तेव्हा विम्याची मुदत केव्हाच संपलेली दिसली. मी त्याचा स्क्रीनशॉट आणि गाड्या जागेवरून हलवण्यापूर्वीचे फोटो घेऊन ठेवले, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्यांचा उपयोग झाला. टेम्पोच्या मालकाने थोडी रोख रक्कम देऊ केली, पण ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून देण्याची अट घातली. मी नकार दिला, कारण कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिल्यावर ती रक्कम दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तो आपण परस्पर सोडून दिला तर आपलाच क्लेम अडचणीत येऊ शकतो.

पोलीस ठाण्यात आपसांत मिटवून घ्या असाच सल्ला मिळाला, तरीही लेखी तक्रार देऊन मी पोच घेतली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. तो नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. हा दंड सरकारजमा होतो, ज्याची गाडी मोडली त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

कंपनीला त्याच दिवशी कळवले आणि गाडी कॅशलेस वर्कशॉपमध्ये नेली. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरची नेमणूक चोवीस तासांत व्हायला हवी, आणि ती तशी झालीही. सर्व्हेअर अनुभवी होते. बॉनेट आणि फेंडर यांच्यामधल्या फटीवरून त्यांनी बोट फिरवत नेले, फट एका टोकाला रुंदावल्याचे मेकॅनिकला दाखवले आणि बंपर आपल्यासमोरच उतरवायला सांगितला. आत रेडिएटरचा आधार वाकलेला निघाला. वरवर पाहून केलेल्या पहिल्या एस्टिमेटमध्ये तो नव्हता, त्यामुळे पुरवणी एस्टिमेट करून घ्यावे लागले. सर्व्हेअर येण्याआधी वर्कशॉपला काहीही खोलू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

माझ्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे वापरामुळे भागांच्या घटलेल्या किमतीपोटी (घसारा) पैसे न कापण्याचे जादा संरक्षण होते आणि खरा आधार त्याचाच झाला. ते नसते तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, आणि गाडी चार वर्षांहून जुनी असल्याने फेंडर, बॉनेट अशा धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा कापला गेला असता. काचेवर घसारा लागत नाही. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट (क्लेममधला स्वतः भरायचा वाटा) आणि कूलंट, नट-बोल्ट यांचा किरकोळ खर्च मला करावा लागला. बाकी बिल कंपनीने वर्कशॉपला परस्पर दिले.

खरा फटका नूतनीकरणाच्या वेळी बसला. ४५ टक्क्यांवर आलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, यंदा ५० टक्के झाला असता, तो शून्यावर आला. चूक आपली नव्हती, याला इथे काहीही किंमत नाही. बोनस पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत जी सवलत हुकते, तिची बेरीज केली तर ती ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या वार्षिक हप्त्याच्या) सव्वापट भरते. म्हणजे हा प्रीमियम १०,००० रुपये धरला, तर नुकसान साधारण १२,५०० रुपयांचे होते. दुरुस्तीचा खर्च याहून कमी असेल तर क्लेम न करणेच बरे. माझे बिल याच्या कितीतरी पुढे गेले होते, म्हणून क्लेम करण्याचा निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

कोणी जखमी झाले असते तर परिस्थिती बिकट झाली असती. पॉलिसीतले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाचा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांपुरते असते, त्यातून रुग्णालयाचे बिल मिळत नाही. ‘हिट अँड रन’ची सरकारी भरपाई धडक देणारे वाहन सापडले नसेल तरच मिळते. वाहन माहीत आहे पण विमा नाही, अशा वेळी मालक आणि चालक यांच्याकडूनच वसुली करावी लागते.

वजावट, किरकोळ खर्च आणि बुडालेला बोनस यांसाठी मी टेम्पोमालकाला वकिलामार्फत नोटीस पाठवली. तिला उत्तर आले नाही, तेव्हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज दाखल केला. तो अजून प्रलंबित आहे. नव्या पॉलिसीत झिरो डेप कायम ठेवले आहे आणि नो क्लेम बोनस संरक्षण व कन्झ्युमेबल्स (कूलंट, नट-बोल्ट अशा किरकोळ खर्चासाठी) ही दोन्ही ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षणे, वाढवून घेतली आहेत.