लाटांचा आवाज टिपायचा: पुळणीवर की खडपावर?

लाटा रेकॉर्ड करायला निघालेले बहुतेक जण आधी रेकॉर्डर कोणता घ्यावा ते विचारतात. मी म्हणेन, आधी किनारा ठरवा. गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि हरिहरेश्वरचं खडप, म्हणजे कातळाचा किनारा: समुद्र तोच, पण आवाजात काडीचंही साम्य नाही.

गुहागरला लांबच लांब सरळ वाळू. लाट दूरवर फुटते, पसरते, मग फेस वाळूत जिरतानाची सळसळ. आवाज रुंद, सलग आणि खरं सांगायचं तर थोडा एकसुरी. झोपेसाठी तासभराचा ट्रॅक करायचा असेल तर हाच घ्या. तुकडे जोडलेले कळत नाहीत. मात्र आडोसा नाही, आणि वारा सुटला की मागच्या सुरूच्या बनाची सूंसूं लाटांत अशी मिसळते की नंतर वेगळी काढता येत नाही.

हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाट कातळावर आदळते, भेगांत शिरते, गुळगुळत परतते. आवाज मुख्यतः पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, दहापट मोठा ३३० ला. कपारीपाशी हे सगळे सूर जवळून मिळतात. नाटकाला, लघुपटाला हाच आवाज हवा. पण गुळगुळीमागून अचानक धडाका येतो आणि रेकॉर्डिंग फाटतं. वाळूवर रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची शिखरं, म्हणजे सर्वांत मोठे क्षण, उणे १२ डेसिबलपर्यंत चालतात (शून्याला आवाज फाटतो), इथे उणे २० ठेवा. ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे फार मोठा आवाजही न फाटता साठवणारा रेकॉर्डर असेल तर ही काळजी बरीचशी मिटते. लो-कट, म्हणजे खालचे घुमणारे सूर कापणारं फिल्टर, वाळूवर खुशाल लावा. खडपावर नको, लाटेचा दणका त्यातच जातो. आणि भरतीत या वाटेवर उतरूच नका, लाट माणसाला ओढून नेते. पाणी उतरत असताना जा, उधाणाचे दिवस टाळा.

मोबाइल? अनेक व्हॉइस रेकॉर्डर ॲप पातळी आपोआप सारखी करतात, लाटेचा चढउतारच सपाट होतो. त्यापेक्षा साधा हँडी रेकॉर्डर बरा, पण त्यावर केसाळ विंडशील्ड हवंच. नुसत्या फोमने भागत नाही.

वेळ दोन्हीकडे पहाटेची. तेव्हा वारा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, आणि मंद असतो, दुपारी खारा वारा माइकवर थेट येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे बोटींची इंजिनं नसतात, पण पाऊस नि वारा काही टिपू देत नाहीत. हिवाळाच बरा.

एकच निवडायचं तर मी खडप घेईन. दोन्ही हवं असेल तर ओहोटीची वेळ पाहून आधी हरिहरेश्वर करा, मग बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे या दोन फेरीबोटींनी गुहागर गाठा.