रीपरमधलेच इफेक्ट : आठ महिने आणि एक नागपुरी उन्हाळा

विकतचं एकही प्लगइन (आवाजावर इफेक्ट चढवणारं जोड-सॉफ्टवेअर) न घेता गाणं, निवेदन दोन्ही व्यवस्थित निघतं. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं, इफेक्ट त्यातच. वर पैसे टाकावे लागतील असं एकाच गोष्टीसाठी वाटत होतं : कूलरचा गोंगाट काढायला.

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. पारा ४५ ला टेकला की गायक दुसऱ्या टेकलाच (गाण्याच्या एका रेकॉर्डिंगलाच) थकतो. म्हणून सगळ्यात जास्त वापर झाला रीएफआयआरचा, म्हणजे नको असलेला गोंगाट वजा करणाऱ्या इफेक्टचा. टेकच्या आधी दहा सेकंद नुसता कूलर रेकॉर्ड करायचा. मोड 'सबट्रॅक्ट', मग 'ऑटोमॅटिकली बिल्ड नॉइज प्रोफाइल'वर टिक. तेवढाच तुकडा वाजवायचा आणि गाणं सुरू व्हायच्या आत टिक काढायची. राहिली तर ते गळ्यालाच गोंगाट समजून शिकत जातं, आवाज हौदात बुडाल्यासारखा येतो. प्लगइनची खिडकी मिटली की ती टिक दिसतही नाही. इतक्या कामाच्या अवजारात हा चौकोन असा लपलेला असणं मला अजूनही खटकतं. रेंडर करण्याआधी (अंतिम फाइल काढण्याआधी) खिडकी उघडून बघाच.

एप्रिलात वाटलं, प्रश्न मिटला. मे महिन्यात मत बदललं. प्रोफाइल म्हणजे त्या दहा सेकंदांच्या गोंगाटाचा छाप. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती जाते. खसवर ठिबकणारं पाणी एकसारखं नसतं, ते उरतं आणि चिवचिवतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, मोटरचा सूर खाली सरकतो आणि सकाळचं प्रोफाइल निकामी होतं. उपाय सोपा आहे : टेकपुरता पंप बंद, पंखा चालू, दर टेकला नवं प्रोफाइल. कंट्रोल की दाबून प्रोफाइलची सगळी रेघ थोडी खाली ओढा. थोडी घरघर राहिलेली चालते, पाणचट गळा चालत नाही. विजेची गुणगुण राहिलीच तर रीईक्यूत (सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा इफेक्ट) ५०, १०० आणि १५० हर्ट्झला अरुंद नॉच, म्हणजे तेवढीच पट्टी कापणारी खाच.

गाताना मात्र रीएफआयआर लावून ठेवू नका. ४०९६ चा एफएफटी (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला सुमारे ८५ मिलिसेकंदांचा होतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो.

आवाजाची चढउतार आवरणाऱ्या रीकॉम्पला (कॉम्प्रेसर) तोड नाही. डिटेक्टरचा हायपास (खालचे सूर गाळणारी चाळणी) १०० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे 'प', 'भ'च्या धक्क्याने गळा दबत नाही. ३:१ रेशो (दाबण्याचं प्रमाण), मीटर ४-५ डीबी हललं की पुरे.

सूर दुरुस्त करणाऱ्या रीट्यूनचं ऑटोमॅटिक करेक्शन भावगीताला लावू नका, मींडेच्या पायऱ्या होतात. चुकलेला सूर मॅन्युअलमध्ये तेवढाच धरा. घुमार देणाऱ्या दोन इफेक्टांपैकी रीव्हर्बेट पत्र्यासारखा वाजतो. त्यापेक्षा दुसऱ्यात, रीव्हर्बमध्ये, चांगली इम्पल्स फाइल (खऱ्या जागेच्या घुमाराची नोंद) टाका.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल आणि मशीन विंडोजचं असेल, तर रीएफआयआर, रीकॉम्प, रीईक्यू हे 'रीप्लग्ज' नावाने वेगळे फुकट मिळतात. रीट्यून आणि रीव्हर्ब त्यात नाहीत.