जुन्या पत्रांसाठी डिस्प्ले फाइल घ्यावी का?

ठाण्यात स्टेशनजवळच्या किंवा गोखले रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात जुनी पत्रं ठेवायला काही मागितलं, की बहुधा डिस्प्ले फाइलच पुढे येते. दाखले, गुणपत्रिका ठेवायची, वीस पारदर्शक पाकिटांची. किंमत साधारण शंभर ते दोनशे रुपये. पत्रांसाठी ती चालते, पण थोडी तयारी करून, आणि निवडक पत्रांसाठीच.

घेण्याआधी प्लॅस्टिक तपासा. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची हवीत. फाइलवर कुठेतरी त्रिकोणात 5 किंवा ‘पीपी’ छापलेलं सापडतं. हे प्लॅस्टिक हाताळताना कुरकुरतं आणि त्याला वास नसतो. उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला, पाकिटं एकमेकांना चिकटत असली, तर ते पीव्हीसी असण्याचीच शक्यता जास्त. त्याचा आकडा 3. ते मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, बॉलपेनची शाई सैल करतात, आणि काही वर्षांनी अक्षरं कागदावरून उठून पाकिटाला चिकटतात. झेरॉक्स प्रतींची तीच गत होते. अशी फाइल फुकट मिळाली तरी पत्रांसाठी वापरू नका.

चांगली फाइल आणली, की पाकिटांत घातलेले काळे किंवा रंगीत कागद आधी काढून टाका, वीसच्या वीस. दमट हवेत त्यांचा रंग पत्राला लागू शकतो, हे एक. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पत्राची पाठ झाकली जाते, आणि या फाइलचा खरा गुण तर हाच, की पत्राला हात न लावता दोन्ही बाजू वाचता येतात. मजकुरात तारीख बरेचदा नसतेच. ‘सोमवार दुपार’ किंवा ‘वैशाख शु. 5’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. मग पत्त्याची बाजू कामाला येते. पोस्टाचा शिक्का पुसट असला तरी तिकीट बघा. आण्यांतलं तिकीट म्हणजे पत्र साधारण 1957 च्या आधीचं. ‘नये पैसे’ असेल तर तिकीट 1957 ते 1964 मधल्या छपाईचं. वापर मात्र थोडा नंतरचाही असू शकतो. पत्त्यात पिनकोड असेल, तर पत्र 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं नाही. शके दिलं असेल तर त्यात 78 मिळवा. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या पत्रांना 79.

आंतरदेशीय पत्रात तर जागा संपली की मजकूर समासात उभा चढतो, तिथून घडीच्या पट्टीवर जातो. ‘सा. न. वि. वि.’च्या ठाशीव अक्षरापासून शेवटच्या घाईच्या ओळीपर्यंत लिहिणाऱ्याचा हात बदलत गेलेला दिसतो, आणि तळाशी कुणा लहानग्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक ओळ असते. टाइप करून ठेवलेल्या प्रतीत यातलं काहीच उरत नाही. म्हणून पत्र उघडताना फाटलेली पट्टी त्याच पाकिटात ठेवा. तिच्यावर दोन-तीन शब्द असतातच. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं तर ते चिकटवून ‘दुरुस्त’ करू नका. मृत्यूची बातमी कळवताना कोपरा फाडण्याची रीत होती, तो कोपरा मजकुराचाच भाग आहे. तिकिटं कापून कुणाच्या संग्रहात देऊ नका. लिफाफा पत्राबरोबरच हवा.

मापाची चूक हमखास होते. ए-4 फाइलची पाकिटं तीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि जुना फुलस्केप कागद साधारण चौतीसचा. तो दुमडून कोंबला तर नव्या घडीवरच तुटतो. त्यासाठी एफसी मापाची फाइल मागा. पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटर. ते मोठ्या पाकिटात घसरत राहतं, म्हणून त्याला 4 बाय 6 इंची फोटोंचा अल्बम बरा. तोही पीपीचाच, चिकट पानांचा नव्हे.

पत्रं भरण्याआधी टाचण्या काढा. गंजलेली टाचणी ओढू नका; तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून हळू सोडवा. घडी उलगडून मऊ ब्रशने धूळ झाडा, मग दोन स्वच्छ कागदांमध्ये पत्र ठेवून वर जाड पुस्तक, दोन-तीन दिवस. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागे, कोपऱ्यात. गठ्ठे आधी लिहिणाऱ्याप्रमाणे लावा, मग तारखेप्रमाणे. विषयवार लावलं की एकाच पत्रातल्या चार गोष्टींसाठी चार जागा शोधाव्या लागतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही वर्ज्य. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन तर काढताच येत नाही.

पेन्सिलीने लिहिलेली पत्रं या फाइलमध्ये नकोत, प्लॅस्टिकवरची स्थिर वीज शिशाचे कण ओढते. कुंकू लावलेली निमंत्रणंही नकोत. ती कागदी लिफाफ्यात, वेगळी.

फाइलचा मोठा दोष पावसाळ्यात कळतो. खाडीकाठच्या शहरात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. दमट पत्र पाकिटात गेलं, तर ओल आतच अडकते आणि तपकिरी ठिपके, बुरशी धरते. म्हणून भरण्याचं काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा. फाइल उभी ठेवली तर पत्रं तळाशी घसरून वाकतात. आडवी ठेवा, एकावर एक तीनच. जागा कपाटाच्या मधल्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून दूर. माळ्यावर नको, तिथे स्लॅबची उष्णता आणि गळती दोन्ही असतात. कप्प्यात नारिंगी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की बदला. डांबराच्या गोळ्या नकोत. कसर लागलेला गठ्ठा फाइलच्या जवळपासही आणू नका. आधी तो घट्ट बंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या.

दोनशे पत्रांना अशा दहा फाइली लागतील, तेवढा खर्च करू नका. पुन्हा पुन्हा वाचली जाणारी वीस-चाळीस निवडा, त्यांना एक-दोन फाइली पुरतात. बाकीची ॲसिड-फ्री कागदाच्या लिफाफ्यांत घालून झाकणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, आणि खोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव, पहिलं साल, शेवटचं साल घाला.